दोन तारा, एक सर्व्हर : हिरव्या दिव्यावर किती विसंबावे?

नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद करणाऱ्या अलिबागच्या वेधशाळेचे काम याच संस्थेकडे आहे. या नोंदींची परंपरा मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेपासून सुरू होते. तेथे चुंबकीय निरीक्षणे १८४१ साली सुरू झाली. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे ठरले, तेव्हा तिच्या रुळांतून व जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे कुलाब्याची संवेदनक्षम उपकरणे बिघडलेल्या नोंदी देतील हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. परंतु त्यांनी कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली, त्यांची तुलना केली आणि मगच जुने काम नव्या जागी सोपवले. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावू लागली.

या घटनेत एक साधे तत्त्व आहे. दुसरी सोय उपलब्ध असणे ही एक गोष्ट. ती खरोखर काम करते याची खात्री करून घेतलेली असणे ही निराळी गोष्ट. आजच्या संगणकांच्या जाळ्यात हे तत्त्व वारंवार विसरले जाते. त्याचे एक चांगले उदाहरण म्हणजे लिनक्स सर्व्हरवरील 'बाँडिंग', म्हणजे दोन नेटवर्क कार्डे एकत्र बांधून त्यांचे एक कार्ड करणे. अशा सर्व्हरच्या मागे दोन तारा असतात, दोन्हींवर हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि तरीही सर्व्हर कोणालाच सापडत नाही. असे का होते आणि दोष कसा शोधावा, हे या लेखात पाहू. शाळेच्या संगणककक्षापासून संशोधनसंस्थेपर्यंत सर्वत्र हीच पद्धत लागू पडते.

दोन कार्डांचे एक कार्ड

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. याखेरीज संगणकाला आयपी पत्ता असतो. तो आपण देतो. मॅक पत्ता शेजारच्या यंत्रांना उपयोगी पडतो, तर आयपी पत्ता दूरवरच्या यंत्रांना.

बाँडिंगमध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, एक काल्पनिक कार्ड तयार करतो. त्याचे नाव बहुधा बाँड० असते. ईथ० आणि ईथ१ ही खरी कार्डे त्याची सदस्य होतात. आयपी पत्ता बाँड० ला दिला जातो, सदस्यांना नाही. बहुतेक प्रकारांत दोन्ही सदस्य एकच मॅक पत्ता वापरतात. त्यामुळे बाहेरच्या जगाला एकच कार्ड दिसते. आतल्या तारेची अदलाबदल झाली तरी ते त्याला जाणवत नाही.

ही कल्पना संशोधनाच्या गरजेतूनच आली. १९९४ साली अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक जोडून 'बेओवुल्फ' नावाचा संगणकसमूह उभा केला. एका तारेचा वेग अपुरा पडत होता म्हणून त्यांनी प्रत्येक यंत्राला दोन तारांची एकत्र जोडणी दिली. बेकर यांनी त्यासाठी लिहिलेल्या भागातूनच लिनक्सचे बाँडिंग पुढे विकसित झाले.

आज बाँडिंगचे सात प्रकार असून त्यांना ० ते ६ असे क्रमांक आहेत. शिक्षकांनी त्यांतील तीन लक्षात ठेवले तरी पुरे. प्रकार ० मध्ये एक संदेश पहिल्या तारेतून, दुसरा दुसऱ्या तारेतून अशी पाळी असते. प्रकार १ मध्ये एक तार काम करते आणि दुसरी राखीव राहते. प्रकार ४ मध्ये सर्व्हर आणि समोरचा स्विच एकमेकांशी ठरावीक भाषेत बोलून तारांचा गट बनवतात. या भाषेला एलएसीपी म्हणतात.

हिरवा दिवा काय सांगतो?

राखीव तार केव्हा वापरायची हे ठरवण्यासाठी चालू तार निकामी झाल्याचे कर्नेलला कळले पाहिजे. हे कळण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात कर्नेल कार्डाला ठरावीक काळाने विचारतो, 'तुझ्या तारेवर विद्युत्‌संकेत येत आहेत का?' या काळाला एमआयआयमॉन म्हणतात. तो साधारणतः १०० मिलिसेकंद ठेवतात. म्हणजे एका सेकंदात दहा वेळा चौकशी होते. जुन्या कर्नेलमध्ये ही किंमत मुळात शून्य असे आणि शून्याचा अर्थ 'चौकशीच करू नको' असा होतो. त्यामुळे अशा एखाद्या जुन्या यंत्रावर ही किंमत लिहायची राहून गेली असेल, तर तार तुटली तरी कर्नेल तीच तार वापरत राहतो. दोष शोधताना ही किंमत सर्वप्रथम पाहावी.

परंतु या चौकशीलाही मर्यादा आहे. कार्डावरचा हिरवा दिवा फक्त पहिल्या टप्प्याची, म्हणजे कार्ड ते समोरचे यंत्र एवढ्याच अंतराची हकिकत सांगतो. फोन उचलल्यावर 'डायल टोन' ऐकू आला म्हणजे पलीकडचा माणूस घरी आहे असे नव्हे. तसेच हे आहे. समजा, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत काचतंतूची केबल गेली आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवले आहेत. पावसाळ्यापूर्वी रस्ता खणताना केबल तुटली. सर्व्हर आणि त्याच्या शेजारचा कन्व्हर्टर यांमधली तांब्याची तार शाबूत आहे. अनेक साधे कन्व्हर्टर पलीकडचा बिघाड अलीकडे कळवत नाहीत. दिवा हिरवाच राहतो, कर्नेल समाधानी राहतो आणि राखीव तार स्वस्थ बसून राहते.

अशा वेळी दुसरा मार्ग उपयोगी पडतो. यात कर्नेल पलीकडच्या एखाद्या यंत्राला, उदाहरणार्थ राउटरला, ठरावीक काळाने 'तुमचा मॅक पत्ता काय?' असे विचारतो. या प्रश्नोत्तराला एआरपी म्हणतात. उत्तर येईनासे झाले की ती वाट निकामी समजली जाते. हा प्रश्न तारेला नसून पलीकडच्या यंत्राला असतो. त्यामुळे संपूर्ण वाटेची परीक्षा होते. मात्र एक काळजी घ्यावी. विचारायला एकच यंत्र ठेवले आणि तेच बंद पडले, तर चांगली वाटही निकामी ठरते. म्हणून दोन-तीन यंत्रांचे पत्ते द्यावेत. हे दोन मार्ग एकाच बाँडवर एकदम चालत नाहीत आणि एआरपीचा मार्ग प्रकार ४, ५ व ६ मध्ये वापरता येत नाही. निवड करावीच लागते.

दोष शोधण्याचा क्रम

जोडणीची माहिती कोणत्या फाइलीत लिहायची हे लिनक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत वेगवेगळे असते. डेबियनची पद्धत निराळी, रेड हॅटची निराळी. त्यामुळे आपण फाइलीत काय लिहिले यापेक्षा कर्नेलने त्यातून काय स्वीकारले हे पाहणे महत्त्वाचे. यासाठी कर्नेल स्वतःच एक अहवाल देतो. 'प्रॉक' या विभागात 'नेट', त्यात 'बाँडिंग' आणि त्यात बाँड० या नावाची फाइल असते. ती नुसती वाचायची असते. तिच्यातील पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रकार. आपण प्रकार १ मागितला आणि अहवालात प्रकार ० दिसतो, असे अनेकदा आढळते. प्रकार सांगितलाच नाही तर कर्नेल ० गृहीत धरतो. साध्या स्विचला याची कल्पना नसते. एकच मॅक पत्ता त्याला आता एका दारात, क्षणात दुसऱ्या दारात दिसतो आणि तो आपली नोंदवही सतत खोडत राहतो. परिणामी जाळे कधी चालते, कधी चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सदस्य. दोन्ही कार्डांची नावे अहवालात आहेत का? एकच असेल तर दुसरे कार्ड बाँडमध्ये आलेलेच नाही. बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रणालीने त्याचा ताबा घेऊन त्याला स्वतंत्र आयपी पत्ता देऊन ठेवलेला असतो. सदस्य कार्डावर आयपी पत्ता किंवा मार्ग शिल्लक राहिला, तर संदेश बाँडला वळसा घालून थेट त्या कार्डातून जाऊ लागतात. मग ती तार तुटली की संदेशही थांबतात आणि बाँड असून नसल्यासारखा होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक सदस्याचा वेग. एक तार सेकंदाला १००० मेगाबिट आणि दुसरी १०० मेगाबिट दाखवत असेल, तर तारेकडे संशयाने पाहावे. १०० मेगाबिटला तारेतील चारपैकी दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही लागतात. एखादी जोडी सैल असेल किंवा कोकणच्या दमट हवेत टोकांचे संपर्क खराब झाले असतील, तर काही कार्डे मुकाट्याने कमी वेगावर उतरतात.

चौथी गोष्ट म्हणजे प्रत्येक सदस्यापुढे असलेली जोडणी तुटल्याची संख्या. ही संख्या म्हणजे त्या तारेचा इतिहास होय. आज दिवा हिरवा आहे, पण संख्या ४१२ आहे, याचा अर्थ ती तार वारंवार तुटून पुन्हा जुळते आहे.

पाचवी गोष्ट प्रकार ४ साठी आहे. अहवालात समोरच्या स्विचचा, म्हणजे भागीदाराचा मॅक पत्ता दिसतो. तो सगळा शून्य असेल तर स्विच एलएसीपी बोलतच नाही. यातली फसवी बाब अशी की जाळे तरीही चालू असते! सर्व्हर निमूटपणे एकाच तारेवर काम करत राहतो. तसेच दोन्ही सदस्यांचा गट क्रमांक वेगळा असेल, तर त्या तारा स्विचवर एका गटात घेतलेल्या नाहीत असे समजावे.

आता स्विचकडे वळू. स्विचवर दोन दारांचा कायमचा गट केलेला आहे आणि सर्व्हर मात्र प्रकार १ मध्ये आहे, अशी विसंगती फार बुचकळ्यात टाकते. स्विच काही संभाषणे एका तारेवर, काही दुसरीवर पाठवतो. राखीव तारेवर आलेले संदेश सर्व्हर टाकून देतो. मग वर्गातील काही संगणकांना सर्व्हर दिसतो आणि काहींना दिसत नाही. 'काहींना दिसतो, काहींना नाही' ही तक्रार ऐकली की आम्ही प्रथम स्विचची मांडणी तपासतो.

आणखी एक नेहमीचे कोडे. तार पुन्हा जोडली, दिवा लागला, पण सुमारे ३० सेकंद काहीच चालत नाही. अनेक स्विच नवी तार जोडल्यावर जाळ्यात वर्तुळ तर तयार झाले नाही ना, हे आधी पाहतात. जुन्या प्रमाणपद्धतीत त्यासाठी १५ सेकंदांचे दोन टप्पे असतात. तेवढ्या काळात दिवा हिरवा असला तरी दार बंदच असते. जोडणी परत आल्यावर थोडे थांबून मगच ती वापरावी, असे बाँडला सांगता येते.

या सर्व तपासणीत विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला नियमच पाळायचा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम लिहून ठेवायचा आणि मगच पुढे जायचे. कोणते कार्ड कोणते हे ओळखण्यासाठी ईथटूल नावाच्या आज्ञेने बहुतेक कार्डांचा दिवा मुद्दाम लुकलुकवता येतो. तारेवर चिठ्ठी लावायला विसरलेल्यांना ही सोय वरदान वाटते.

वेग दुप्पट का होत नाही?

'दोन तारा लावल्या, पण फाइल पूर्वीच्याच वेगाने जाते' ही तक्रार दोषाची नसून समजुतीची आहे. प्रकार ४ मध्ये कोणता संदेश कोणत्या तारेतून जाईल हे एका छोट्या गणिताने ठरते. मुळात हे गणित पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मॅक पत्त्यांवरून केले जाते. पत्ते तेच असतील तर उत्तर तेच येणार, म्हणून दोन यंत्रांमधले सर्व संदेश एकाच तारेतून जातात. हे हेतुपुरस्सर आहे. एकाच फाइलीचे तुकडे दोन वाटांनी गेले तर ते पुढेमागे पोचतील आणि क्रम लावण्यात वेळ जाईल. अनेक विद्यार्थी एकाच वेळी सर्व्हर वापरतात तेव्हा मात्र दोन तारांचा लाभ मिळतो. दोन रांगा असलेल्या तिकीट खिडक्यांसारखे हे आहे. एका माणसाचे तिकीट लवकर निघत नाही, पण गर्दी लवकर ओसरते.

दोन वाटा खरोखर दोन आहेत का?

आता थोडे गणित करू. समजा, एक तार १०० दिवसांतून एक दिवस बंद पडते. दोन्ही तारांचे बिघाड एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता १००×१००, म्हणजे १०,००० दिवसांत एक दिवस, जवळजवळ २७ वर्षांत एकदा. हा आकडा मोठा दिलासा देणारा आहे. पण दोन्ही तारा एकाच स्विचला, एकाच वीजजोडावर असतील आणि तो स्विच १००० दिवसांतून एकदा बंद पडत असेल, तर? आता अंदाजे ९०० दिवसांत, म्हणजे अडीच वर्षांत एकदा सर्व काही थांबेल. सामाईक कारण एकच असले तरी ते २७ वर्षांचा दिलासा संपवते.

पनवेलकरांना हे वेगळे सांगायला नको. कळंबोलीपासून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि पुण्याला जायला जुना व नवा असे दोन रस्ते झाले. पण बोरघाटातील काही किलोमीटर दोन्ही रस्त्यांची वाहतूक अनेक वर्षे एकाच मार्गाने गेली. तेथे एखादा टँकर उलटला की दोन रस्ते असण्याचा फायदा राहत नसे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन मोठ्या केबली तुटल्या. त्या वेगवेगळ्या मालकांच्या होत्या, पण वाट जवळजवळ एकच होती. भारतासह अनेक देशांची इंटरनेट सेवा त्यामुळे मंदावली.

म्हणून सर्व्हरच्या दोन तारा शक्यतो दोन वेगळ्या स्विचांना, वेगळ्या वीजजोडांवर आणि वेगळ्या वाटांनी न्याव्यात. प्रकार १ साठी दोन साधे स्विचही चालतात. फार खर्च येत नाही.

पहिला दोष लपून राहतो

दुसऱ्या तारेचा सर्वांत मोठा तोटा तिच्या उपयोगातच दडलेला आहे. पहिली तार तुटते तेव्हा काहीच बिघडत नाही, म्हणून कोणाला काही कळतही नाही. समजा, पहिली तार जूनमध्ये तुटली आणि दिवाळीपर्यंत कोणी पाहिले नाही. या सुमारे १५० दिवसांत आपण प्रत्यक्षात एकाच तारेवर आहोत आणि ती शंभरात एक दिवस बंद पडत असेल, तर सरासरी दीड दिवस सर्व्हर बंद राहील. २७ वर्षांचे गणित गृहीत धरून निर्धास्त बसलेल्याला हा दीड दिवस अगदी अनपेक्षित वाटतो. परीक्षेचे गुण भरण्याचा तो दिवस असेल तर विचारायलाच नको.

वेधशाळेत याचे गांभीर्य अधिक असते. अलिबाग वेधशाळा इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात सहभागी आहे आणि तेथे दर मिनिटाचे मूल्य, म्हणजे दिवसाला १४४० मूल्ये अपेक्षित असतात. सौर वादळाच्या वेळी जगभरच्या शास्त्रज्ञांना ही मूल्ये तातडीने हवी असतात. अशा वेळी उपकरण नीट चालू आहे, पण त्याची मूल्ये पोचवणारी वाट तुटली आहे, हे समजायला उशीर होऊन चालत नाही.

यावर उपाय दोन. अहवालातील संख्या रोज आपोआप वाचून बदल झाल्यास कळवणारी छोटी आज्ञावली लिहावी. वरच्या वर्गातील विद्यार्थी ती सहज लिहू शकतील. आणि महिन्यातून एकदा, काम नसलेल्या वेळी, एक-एक तार मुद्दाम काढून पाहावी.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

साहित्य : लिनक्स असलेले दोन संगणक, त्यांपैकी एकात दोन नेटवर्क कार्डे, तीन लहान स्विच, पाच तारा. दोन कार्डांचा संगणक 'अ' आणि दुसरा 'ब' समजा. 'अ'ची एक तार पहिल्या स्विचला, दुसरी दुसऱ्या स्विचला लावा. हे दोन्ही स्विच तिसऱ्याला जोडा आणि 'ब' तिसऱ्या स्विचवर ठेवा. पहिला आणि दुसरा स्विच एकमेकांना जोडू नका. त्रिकोण तयार होऊन संदेश अखंड फिरत राहतील.

'अ'वर प्रकार १ चा बाँड करून एमआयआयमॉन १०० ठेवा. 'अ'कडून 'ब'ला पिंग सुरू करा. पिंग दर सेकंदाला एक हाक देतो आणि उत्तरांना क्रमांक देतो, त्यामुळे किती उत्तरे गळली ते मोजता येते.

पहिली कृती : अहवालात चालू कार्ड कोणते ते पाहा आणि 'अ'कडील त्याची तार काढा. बहुधा एखादेच उत्तर गळेल किंवा एकही गळणार नाही. तार परत लावा.

दुसरी कृती : पुन्हा चालू कार्ड पाहा. आता त्याचा स्विच आणि तिसरा स्विच यांमधली तार काढा. 'अ'चा दिवा हिरवाच राहील, पण उत्तरे थांबतील आणि थांबलेलीच राहतील. तार परत लावा.

तिसरी कृती : एमआयआयमॉनऐवजी एआरपीची चौकशी दर १००० मिलिसेकंदांनी ठेवा, पत्ता 'ब'चा द्या आणि दुसरी कृती पुन्हा करा. काही सेकंद उत्तरे गळतील, मग राखीव तार काम हाती घेईल आणि उत्तरे सुरू होतील.

तिन्ही कृतींत गळलेल्या उत्तरांचा तक्ता विद्यार्थ्यांना करायला सांगावा. मग त्यांना विचारावे : दुसऱ्या कृतीत दिवा खोटे बोलला का? तो खोटे बोलला नाही. त्याला जेवढे विचारले होते तेवढ्याचे त्याने खरे उत्तर दिले. आपण विचारायला हवा होता तो प्रश्न निराळा होता. चौथ्या कृतीसाठी तिसऱ्या स्विचची वीज बंद करून काय होते ते पाहावे आणि त्याचे कारण विद्यार्थ्यांनीच शोधावे.